खूणगाठ मनाशी नको, वस्तूशी बांधा: रोजचा विसराळूपणा कमी करण्याची पद्धत, क्रमाने

किल्ली कुठे ठेवली ते आठवत नाही. गॅस बंद केला की नाही याची खात्री नाही. दुसऱ्या खोलीत आलो खरे, पण कशाला आलो तेच डोक्यातून गेलं. अशा तक्रारी सुरू झाल्या की बहुतेक जण स्मरणशक्ती वाढवायच्या मागे लागतात. शब्दकोडी सोडवतात, मोबाइलवर मेंदूचे खेळ घेतात, दिवसाला दहा-बारा गजर लावतात. तीन आठवड्यांनी किल्ली पुन्हा हरवते. शब्दकोडी सोडवून शब्दकोडी सोडवण्यात हात बसतो, किल्ली ठेवण्यात नाही. प्रयत्न मनापासून असतात, पण क्रम उलटा असतो: उपाय आधी, आणि दुखणं नेमकं काय आहे ते नंतर, जमलं तर.

आपण ‘मनाशी खूणगाठ बांधली’ असं सहज म्हणतो. खूणगाठ म्हणजे मुळात कापडाला मारलेली खरीखुरी गाठ, हाताला लागली की आठवण करून देणारी. ती मनाशी बांधून काय उपयोग? विसरतं तेच. ती बांधायची वस्तूशी, जागेशी, ठरलेल्या क्षणाशी. पुढचे सगळे टप्पे एवढ्या एकाच गोष्टीचे आहेत. ते दिलेल्या क्रमानेच करा. मधला एखादा सोपा वाटतो म्हणून तिथून सुरुवात करू नका.

सुरू करण्याआधी: आपण नेमकं काय विसरतो?

‘विसरलो’ हा एकच शब्द आपण चार वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो.

पहिली, नोंदच झाली नाही. किल्ली ठेवताना तुम्ही फोनवर बोलत होता. हाताने किल्ली ठेवली, लक्ष तिथे नव्हतंच. अशा वेळी डोक्याला कितीही ताण दिला तरी काही हाती लागत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

दुसरी, वेळेवर आठवलं नाही. औषध घ्यायचं आहे हे तुम्हाला पक्कं माहीत आहे. दुपारी आठवतं, रात्री दिवा मालवल्यावर आठवतं. फक्त ज्या क्षणी घ्यायचं त्या क्षणी आठवत नाही.

तिसरी, माहीत आहे पण सापडत नाही. नाव जिभेवर आहे, ओठांवर येत नाही. यातलं बरंचसं काही वेळाने आपोआप आठवतं.

चौथी, केलं की नाही याची खात्री नाही. दार, दिवे, नळ, रोजची गोळी. रोज एकाच पद्धतीने केलेल्या कामांच्या आठवणी इतक्या सारख्या असतात की कालची आणि आजची वेगळी काढता येत नाही.

तयारीला फार काही लागत नाही: खिशात मावेल अशी वही, तिला अडकवलेलं पेन, एक पसरट ताटली किंवा उथळ टोपली, आणि दाराजवळ ठोकता येईल असा हुक. ॲप सध्या नको. ते सहाव्या टप्प्यात, हवं असेल तर.

आणि झोप पाहा. प्रौढ माणसाला रात्री किमान ७ तास झोप लागते. तुमची अनेक महिने पाच-साडेपाच तासांवर आली असेल, तर आधी ती वाढवा. लक्ष लागणं आणि दिवसभरातलं डोक्यात टिकणं या दोन्ही गोष्टी झोपेवर अवलंबून आहेत. अपुऱ्या झोपेवर बसवलेल्या सवयी टिकत नाहीत.

टप्पा १: सात दिवस फक्त लिहा

वहीच्या पानावर तीन रकाने पाडा. पहिल्यात काय विसरलं, दुसऱ्यात ते केव्हा आणि कुठे लक्षात आलं, तिसऱ्यात ती वस्तू ठेवताना किंवा ते काम करायच्या वेळी आणखी काय चालू होतं. खरा रकाना तिसरा. लोक नेमका तोच रिकामा सोडतात.

माझ्या सात दिवसांच्या पानावर अकरा नोंदी होत्या. त्यातल्या तीन जशाच्या तशा देते. ‘चष्मा. आंघोळीनंतर शोधला. काढताना टॉवेल कुठे आहे ते बघत होते.’ ‘किल्ली. सकाळी निघताना. काल आत आले तेव्हा फोन कानाला, दुसऱ्या हातात पिशवी.’ ‘विजेचं बिल. मुदत उलटल्यावर. आधी आठवलं होतं, पण तेव्हा गाडी चालवत होते.’ अकरापैकी पाच नोंदी घरात पाऊल टाकल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांतल्या होत्या. ते पान भरेपर्यंत मी सगळा दोष वयाला देत होते. पान सांगत होतं की दोष दाराजवळच्या त्या दहा मिनिटांचा आहे, आणि तिथे काहीतरी करता येण्यासारखं आहे.

नोंद तिथल्या तिथे करा. रात्री आठवून लिहू म्हणाल तर निम्म्या नोंदी जातील. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी तीन-तीन अक्षरांचे निरर्थक उच्चार स्वतः पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि ते प्रयोग १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. विसरण्याचा मोठा भाग पहिल्या तासाभरातच घडतो आणि मग वेग मंदावतो, हे त्यात दिसलं.

इशारा: या सात दिवसांत काहीही सुधारायला जाऊ नका. नवी जागा नाही, नवा गजर नाही. मध्येच उपाय सुरू केलात तर मूळ चित्र कधीच दिसणार नाही, आणि सहा आठवड्यांनी फरक कशाशी ताडून पाहायचा तेही कळणार नाही.

तपासणी: आठव्या दिवशी निदान पाच-सहा नोंदी असाव्यात आणि प्रत्येकीचा तिसरा रकाना भरलेला असावा. नसेल तर आणखी तीन दिवस लिहा.

टप्पा २: वाटणी करा आणि दोनच निवडा

प्रत्येक नोंदीपुढे एक अक्षर लिहा. नोंदच झाली नाही तर ‘न’, वेळेवर आठवलं नाही तर ‘व’, सापडलं नाही तर ‘स’, खात्री नाही तर ‘ख’. ‘न’ असलेल्या नोंदींना टप्पा ३, ‘ख’ला टप्पा ४, ‘व’ला टप्पा ५ ते ७, ‘स’ला टप्पा ८.

आता सगळ्या नोंदींतून फक्त दोन निवडा. इथे एक चूक हमखास होते: लोक सगळ्यात जास्त वेळा घडणारी गोष्ट निवडतात. निवडायची ती सगळ्यात महागात पडणारी. चष्मा दिवसातून तीनदा हरवत असेल आणि रक्तदाबाची गोळी आठवड्यातून एकदा राहत असेल, तर पहिली निवड गोळी. औषध, गॅस, गाडी किंवा लहान मूल यांच्याशी संबंध असलेली कोणतीही नोंद आपोआप वरच्या दोनांत जाते.

दोनच का? नवी सवय पहिले काही दिवस लक्ष मागते, आणि लक्षाचाच तर तुटवडा आहे. पाच सवयी एकदम धरल्या की पहिल्या धावपळीच्या दिवशी पाचही सुटतात.

टप्पा ३: वस्तूला घर द्या

प्रत्येक वस्तूला जागा ठरवा, हा सल्ला सगळ्यांना माहीत आहे आणि तरी तो बहुतेकांचा फसतो. जागा निवडतानाच चूक होते.

घर तिथे हवं जिथे हात ती वस्तू आधीपासूनच सोडतो. घराच्या सजावटीत कुठे शोभेल हा विचार बाजूला ठेवा. एका संध्याकाळी घरी येताना स्वतःकडे नीट बघा: दार उघडलं, पिशवी खाली ठेवली, बूट काढायला वाकलात, आणि वाकताना आधारासाठी ज्या कठड्यावर हात टेकला तिथे किल्ली सुटली. ताटली त्या कठड्यावर. आतल्या कपाटातल्या सुंदर डब्यात नाही, कारण तिथवर जाईपर्यंत हातातली किल्ली तीन ठिकाणी थांबू शकते.

घर उघडं हवं. खण, झाकणाचा डबा, पिशवीतला आतला कप्पा ही लपण्याची ठिकाणं आहेत. वस्तू नुसत्या नजरेत सापडली पाहिजे आणि एका हाताने ठेवता आली पाहिजे, कारण दुसरा हात बहुतेक वेळा भरलेला असतो.

बरोबर निघणाऱ्या वस्तू एकत्र राहाव्यात. किल्ली, पाकीट, ओळखपत्र एका ताटलीत. चष्म्याला दोन घरं चालतात, एक उशाशी आणि एक कामाच्या टेबलावर, पण तिसरं नाही. चष्मा कपाळावर सरकवायची सवय असेल तर ती मोडा. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण तिथेच खरी होते.

आता जो भाग जवळपास सगळे गाळतात तो: सराव. एकदा वेळ काढून दाराबाहेर जा, आत या, किल्ली ताटलीत ठेवा. पुन्हा बाहेर जा. असं दहा वेळा. त्यातल्या निदान पाच वेळा एका हातात जड पिशवी आणि कानाला फोन हवा. रिकाम्या हातांनी केलेला सराव भरल्या हातांच्या संध्याकाळी कामाला येत नाही. विचित्र वाटेल, पण पंधरा मिनिटांच्या या खटाटोपाने जे होतं ते महिनाभर स्वतःला बजावून होत नाही.

घरातल्या सगळ्यांना ताटली दाखवा. आवराआवर करणाऱ्याने चांगल्या हेतूने ती उचलून आत ठेवली की तुमची सगळी मेहनत गेली.

इशारा: ‘नीट सांभाळून ठेवते’ म्हणून वस्तू अनोख्या जागी ठेवू नका. पारपत्र, दागिन्यांची पावती, कपाटाची जास्तीची किल्ली नेमकी अशीच हरवते. ठेवताना जागा इतकी खास वाटते की ती विसरणं अशक्य वाटतं. पण सहा महिन्यांनी शोधताना डोकं नेहमीच्याच जागा सुचवतं. अशी जागा वापरावीच लागली तर ती वहीच्या शेवटच्या पानावर त्याच मिनिटाला लिहा.

याच टप्प्यात एक छोटी युक्ती. उद्या न्यायचं पाकीट, अर्ज, परत द्यायचं पुस्तक रात्रीच किल्लीच्या खाली ठेवा. शेजारी नाही, खाली. किल्ली उचलायची तर ते हलवावंच लागतं. खूणगाठ म्हणतात ती हीच.

तपासणी: आठवडाभर पाहा. एखादी वस्तू तीनदा एकाच दुसऱ्या जागी सापडली तर स्वतःला रागावू नका, तिचं घरच तिकडे हलवा.

टप्पा ४: बोट आणि तोंड

हा टप्पा ‘ख’साठी. जपानमधले रेल्वे कर्मचारी सिग्नलकडे बोट दाखवून त्याची स्थिती मोठ्याने उच्चारतात. तिथल्या रेल्वे तांत्रिक संशोधन संस्थेच्या चाचणीत या पद्धतीने साध्या कामातल्या चुका सुमारे ८५ टक्क्यांनी कमी झाल्या. डोळे, हात, तोंड आणि कान एकाच कामावर आले की लक्ष दुसरीकडे जाऊ शकत नाही.

घरी ते असं करा. गॅसच्या बटणाला बोट लावा, त्याच्याकडे बघा आणि म्हणा: ‘मंगळवार, गॅस बंद.’ कडीला हात लावून: ‘मंगळवार, दार बंद.’ वाराचं नाव गाळू नका. कालच्या आणि आजच्या आठवणीत फरक राहावा यासाठी तेच तर हवं असतं. चालता चालता मान वळवून पुटपुटलेलं चालत नाही. थांबा, बघा, बोला. सगळं मिळून तीन सेकंदांचं काम आहे.

इशारा: तपासणी एकदाच. पुन्हा पुन्हा परत येऊन पाहिल्याने खात्री वाढत नाही, उलट आपल्या आठवणीवरचा विश्वास कमी होत जातो. एकदा बोलून झाल्यावरही तुम्हाला राहवतच नसेल आणि अशा तपासण्यांत रोजचा बराच वेळ जात असेल, तर तो विसराळूपणा नव्हे. मानसोपचारतज्ज्ञाशी बोला, त्यावर चांगले उपचार आहेत.

गोळ्यांसाठी बोट आणि तोंड पुरत नाही, तिथे साक्षीदार हवा. सात दिवसांच्या सात कप्प्यांचा डबा आणा आणि आठवड्यातून एका ठरलेल्या दिवशी भरा. आजचा कप्पा रिकामा म्हणजे गोळी घेतली. आमच्या घरात वडिलांनी एकदा सकाळची गोळी दोनदा घेतली. दिवसभर ते गरगरत होते आणि आम्ही त्यांच्याजवळ बसून होतो. त्या आठवड्यात डबा आला, आणि ‘घेतली का?’ हा प्रश्न घरातून संपला.

इशारा: घेतली की नाही असा संशय आला तर अंदाजाने दुसरी गोळी घेऊ नका. एखादी राहिली तर काय करायचं हे प्रत्येक औषधाचं वेगळं असतं. ते डॉक्टरांना किंवा औषध देणाऱ्या फार्मासिस्टना आधीच विचारा आणि डब्याच्या झाकणावर चिकटवा.

टप्पा ५: कामाला खूणगाठ बांधा

‘रात्री नऊला गोळी घ्यायची’ असं ठरवलं की दिवसभर घड्याळाकडे लक्ष ठेवण्याचं काम तुमच्यावर येतं. ‘उशाशी पाण्याचा ग्लास ठेवला की गोळी’ असं ठरवलं की ते काम ग्लास करतो. वेळेला बांधलेल्या कामापेक्षा घटनेला बांधलेलं काम आठवायला सोपं जातं, आणि या पद्धतीचा पाया एवढाच आहे. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी अशा ‘जर हे झालं, तर मी ते करीन’ धाटणीच्या ठरावांवर बरंच काम केलं आहे. नुसत्या इच्छेपेक्षा असा नेमका ठराव तडीस जाण्याची शक्यता जास्त असते.

वाक्य या साच्यात लिहा: ‘अमुक झालं की मी तमुक करीन.’ अमुक निवडताना तीन गोष्टी पाहा. ते रोज घडतं का? ते कधी पूर्ण झालं हे स्पष्ट कळतं का? आणि ते जिथे घडतं तिथे तमुक करता येतं का?

‘ऑफिसमधून आल्यावर आईला फोन करीन’ हे वाक्य चांगलं दिसतं आणि फसतं. ‘आल्यावर’ म्हणजे केव्हा? दारात, चहा घेताना, की कपडे बदलून झाल्यावर? ‘बूट काढून जागेवर ठेवले की उभ्या उभ्या आईला फोन’ हे टिकतं, कारण बूट जागेवर गेले तो क्षण ठरलेला आहे. ‘जेवणानंतर’ ढिलं आहे. ‘ताट उचलून ठेवलं की’ घट्ट आहे. ‘सकाळी झाडांना पाणी’ ढिलं. ‘दात घासून ब्रश ठेवला की झारी भरायची’ घट्ट.

लिहिलेलं वाक्य तीनदा मोठ्याने वाचा आणि एकदा प्रत्यक्ष करून पाहा. मग लागणारी वस्तू खुणेच्या जागेवर नेऊन ठेवा. झारी बेसिनजवळ हवी, बाल्कनीत नको.

इशारा: ब्रशशेजारी गोळ्या ठेवायचा मोह होईल. न्हाणीघरात औषधं ठेवू नका, तिथल्या ओलाव्याने आणि उष्णतेने ती खराब होतात. उशाजवळची किंवा टेबलावरची कोरडी जागा निवडा. घरात लहान मुलं असतील तर ती त्यांच्या हाताबाहेरची हवी.

गजर कुठे वापरायचा? जिथे घटनेची खूण मिळतच नाही तिथे: डॉक्टरांची वेळ, शाळेची बैठक, गाडी पकडणं. तो लावताना तीन नियम पाळा. ज्या वेळी आणि ज्या जागी काम करता येईल तेव्हाच तो वाजावा. दुपारी बैठकीत वाजलेला ‘बिल भरा’ नुसता बंद होतो. त्यावर पूर्ण काम लिहा. ‘बिल’ नव्हे, ‘विजेचं बिल भरा, ग्राहक क्रमांक वहीत’. आणि काम हातात घेईपर्यंत गजर बंद करू नका, पुढे ढकला. दिवसाला तीन-चार गजर पुरे. त्याहून जास्त झाले की अंगठा न वाचता बंद करायला शिकतो.

चिठ्ठ्यांचंही तसंच. फ्रिजवर दोन महिने असलेली चिठ्ठी फ्रिजचा भाग होते आणि दिसेनाशी होते. काम झालं की त्याच दिवशी काढा. राहिलं असेल तर जागा आणि कागदाचा रंग बदला.

टप्पा ६: एकच वही, आणि दाराची यादी

मनात एका वेळी साधारण चारच गोष्टी धरून ठेवता येतात, असा मानसशास्त्रज्ञ नेल्सन काउअन यांचा २००१ मधला प्रसिद्ध निष्कर्ष आहे. पाचवी आली की पहिली सटकते. म्हणून धरून ठेवायच्या भानगडीत पडू नका, लिहा. वहीत लिहा किंवा मोबाइलवर लिहा, पण एकाच ठिकाणी. पाकिटातली पावती, तळहात, स्वतःलाच पाठवलेला मेसेज आणि ऑफिसची डायरी अशा चार जागी लिहिलेली कामं न लिहिल्यासारखीच.

‘बँक’ असं लिहू नका. ‘बँकेत नव्या पत्त्याचा अर्ज देणे, गुरुवार’ असं लिहा. क्रियापद नसलेली ओळ पाहिली की नजर पुढे सरकते.

नेहमीच्या निघण्यासाठी एक कायमची यादी दाराच्या आतल्या बाजूला लावा. पाच ते सात ओळी, त्याहून जास्त नाही. मला डोक्यापासून खाली असा क्रम सोयीचा पडतो: चष्मा, फोन, पाकीट, किल्ली, डबा, गोळी. यादी पाठ झाली तरी वाचूनच टिक करायची. ‘मला याची काय गरज’ असं वाटलं तर हे लक्षात ठेवा: ३० ऑक्टोबर १९३५ रोजी बोइंगचं मॉडेल २९९ हे नवं विमान चाचणी-उड्डाणात कोसळलं, कारण जमिनीवर असताना विमानाच्या नियंत्रणांना लावलेलं कुलूप काढायचं राहिलं होतं. वैमानिक अत्यंत अनुभवी होते. त्यानंतर वैमानिकांनी उड्डाणाआधी यादी वाचायला सुरुवात केली, आणि आजही ती वाचली जाते.

टप्पा ७: शेवटची पायरी आणि मध्येच आलेला फोन

झेरॉक्स हातात आल्यावर मूळ कागद मशीनमध्येच राहतो. फोन चार्ज झाला की चार्जर भिंतीलाच राहतो. ज्यासाठी आलो ते हाती आलं की मन ‘झालं’ म्हणतं आणि उरलेली पायरी गळते. म्हणूनच कित्येक एटीएम मशीन आधी कार्ड परत देतात आणि मग पैसे. पैसे आधी मिळाले असते तर कार्डं तिथेच राहिली असती.

घरीही तोच क्रम लावा: विसरली जाणारी पायरी मुख्य कामाच्या आधी ओढा. आधी मूळ कागद पिशवीत, मग प्रती मोजायच्या. जिथे क्रम बदलता येत नाही तिथे तारण ठेवा. दुसऱ्याच्या घरी चार्जर लावलात तर त्याच्याजवळ आपल्या गाडीची किल्ली ठेवा. किल्लीशिवाय निघता येत नाही, म्हणून चार्जरही राहत नाही.

इशारा: तान्हं मूल मागच्या सीटवर झोपलेलं असेल तर तुमची बॅग किंवा एक बूट प्रत्येक वेळी, न चुकता मागेच ठेवा. ‘मी माझं मूल विसरेन?’ असं म्हणू नका. असे अपघात जिवापाड प्रेम करणाऱ्या आईवडिलांच्या हातून झाले आहेत, बहुतेकदा रोजचा क्रम एखाद्या दिवशी बदलल्यामुळे. बंद गाडी थोड्याच वेळात जीवघेणी तापते.

मध्येच फोन आला किंवा कुणी हाक मारली तर उत्तर देण्याआधी दोन सेकंद घ्या आणि पुढची पायरी तोंडाने म्हणा: ‘आता सही करायची आहे.’ पेन उघडं त्याच ओळीवर ठेवा. परत आल्यावर पेन सांगेल.

दुसऱ्या खोलीत जाऊन ‘कशाला आले?’ असं होणं अगदी सामान्य आहे. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल रॅडव्हान्स्की यांच्या २०११ मधल्या प्रयोगांत, तेवढंच अंतर एकाच खोलीत चालण्यापेक्षा दार ओलांडल्यावर माणसं जास्त विसरली. जाताना काम तोंडाने म्हणत जा. विसरलंच तर जिथे ते सुचलं त्या जागी परत जा; तिथल्या वस्तू पाहून बरेचदा आठवतं.

टप्पा ८: नावं

नाव ऐकलं की लगेच एकदा उच्चारा, आणि बोलण्यात एकदा वापरा. दहा मिनिटांनी मनात विचारा: नाव काय होतं? रात्री पुन्हा विचारा आणि मगच वहीत पाहा. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा न पाहता आठवण्याचा प्रयत्न केल्याने जास्त टिकतं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधल्या प्रयोगात आठवड्यानंतरचा हा फरक स्पष्ट दिसला होता.

जिभेवर अडलेलं नाव उकरत बसू नका. अर्धं मिनिट प्रयत्न करा आणि सोडून द्या. समोरच्या व्यक्तीला नाव पुन्हा विचारण्यात काहीही कमीपणा नाही.

टप्पा ९: संध्याकाळची पाच मिनिटं

हे शेवटी ठेवलं आहे, कारण आधीचं काही बसलेलं नसेल तर या पाच मिनिटांत तपासायला काहीच नसतं. वही उघडा, राहिलेली कामं उद्याच्या पानावर घ्या, उद्याच्या वस्तू किल्लीखाली ठेवा, गोळ्यांचा कप्पा पाहा. या पाच मिनिटांनाही खूणगाठ हवी. माझी आहे मोबाइल चार्जिंगला लावणं.

सवय किती दिवसांत बसते? २१ दिवस हा आकडा सर्वत्र ऐकू येतो, आणि बाविसाव्या दिवशी लोक निराश होतात. लंडनमध्ये संशोधक फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या पाहणीत सरासरी ६६ दिवस आली, आणि माणसामाणसांत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक होता. मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्याच पाहणीत दिसलं. चुकलेल्या दिवशी नोंद करा आणि दुसऱ्या दिवशी तसंच पुढे चला. निवडलेल्या दोन सवयी आठवण न करता होऊ लागल्या की यादीतल्या पुढच्या दोन घ्या, त्याआधी नको.

तपासणी: सहा आठवड्यांनी पुन्हा सात दिवस टप्पा १ करा आणि दोन्ही पानं शेजारी ठेवा. ‘न’ आणि ‘व’ कमी व्हायला हवेत. ‘न’ तसेच राहिले असतील तर वस्तूंची घरं चुकली आहेत, ‘व’ राहिले असतील तर खुणा ढिल्या आहेत. टप्पे पुन्हा वाचा, तिथेच दुरुस्त करा.

सवयींवर सोडू नये असं विसरणं

किल्ली कुठे ठेवली हे विसरणं वेगळं, किल्ली हातात असून तिचं काय करायचं हे न समजणं वेगळं. रोजच्या रस्त्यावर वाट चुकणं, तोच प्रश्न थोड्या वेळाने पुन्हा विचारणं आणि आधी विचारल्याचं आठवतच नसणं, वर्षानुवर्षं सहज केलेले व्यवहार किंवा हिशेब अचानक न जमणं, स्वभावात मोठा बदल होणं. यातलं काही दिसलं, किंवा काही महिन्यांत विसरणं ठळकपणे वाढलं, तर डॉक्टरकडे जा. एकाएकी गोंधळ उडाला, बोलणं अडखळलं, हात किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, तर त्याच क्षणी रुग्णालयात न्या.

घाबरून टाळू नका, कारण बरीच कारणं उपचाराने सुधारतात. थायरॉइडचं काम मंदावणं, ब१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य, झोपेत श्वास अडखळणं, झोपेच्या किंवा सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या, दारू. ऐकू कमी येत असेल तर तेही सांगा. नीट ऐकूच न आलेलं पुष्कळदा ‘विसरलं’ म्हणून मोजलं जातं.

जाताना घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी न्या, तुमच्याबरोबर राहणारं कुणीतरी सोबत न्या, आणि ती तीन रकान्यांची वही न्या. ‘हल्ली फार विसरतं हो’ या वाक्यावरून डॉक्टरांना फार थोडं कळतं. काय, केव्हा आणि त्या वेळी आणखी काय चालू होतं, हे तारखांसह लिहिलेलं पान त्यांच्यासमोर ठेवा.